आमच्यावर न ओरडणारे अध्यक्ष

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष माझ्या वडिलांवर कधीच ओरडले नाहीत, हे आमच्या घरातलं फार मोठं दुःख होतं. ऐकणाऱ्याला हे पटत नाही. लोकांना शेजारी ओरडतो याचा त्रास असतो. पण त्या इमारतीत राहिलेल्या कुणालाही विचारा, त्याला लगेच कळेल, कारण अध्यक्ष सगळ्यांवर ओरडायचे.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकमध्ये, द्वारकेच्या चौकापासून जरा आत, हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकू येतील पण धूर येणार नाही इतक्या अंतरावर, आमची तीन मजली इमारत होती. अध्यक्ष पहिल्या मजल्यावर आणि आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, पांढरा लेंगा, बाह्यांचा बनियन आणि गळ्यात दोरीला लटकलेला चष्मा. कुंडीतलं पाणी खाली गळलं की त्यांची ओरड. जिन्यात चपला दिसल्या की ओरड. गच्चीवर एकीचे पापड दुसरीच्या दोरीखाली सरकले की ओरड. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी रात्री गेटचा आवाज केला म्हणून सकाळी दूधवाल्याच्या देखत ओरड. दिवाळीला आलेल्या स्वतःच्या जावयाला त्यांनी गाडी कशी लावायची हे भर फाटकात असं समजावलं, की तो फराळाला न थांबता निघून गेला. हे ओरडणं कुणी मनावर घेत नसे. ओरडून झालं की अध्यक्ष त्याच माणसाच्या घरी बसून चहा प्यायचे.

यातून सुटका फक्त आमची होती, कारण आम्ही बौद्ध. इमारतीत तसे आम्ही एकटेच.

सामान घेऊन आलो त्या दिवशीच याची सुरुवात झाली. टेम्पोतल्या गाद्यांवर आईने निळ्या कोटातला फोटो ठेवला होता, काच फुटू नये म्हणून. अध्यक्षांनी फोटो पाहिला, मग बाबांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "या, या! आम्ही तसलं काही मानत नाही बरं का," ते म्हणाले. बाबांनी तोवर त्यांना फक्त पाण्याच्या मोटरचं बटण कुठे आहे एवढंच विचारलं होतं. ते बटण शेवटी डॉक्टरांच्या बायकोने दाखवलं.

त्यानंतर आमच्यावर जो मानाचा वर्षाव सुरू झाला तो काही थांबेना. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बाबांनी तोंड उघडलं की अध्यक्ष आधीच मान डोलवायला लागत. एकदा बाबा सहज म्हणाले, गच्चीवरच्या टाकीला काळा रंग दिला तर कसं दिसेल? "वा! उत्तम सूचना!" म्हणून अध्यक्षांनी आठवडाभरात टाकी काळी करून घेतली. एप्रिलमध्ये नळातून चटके बसणारं पाणी यायला लागलं. अख्खी इमारत बाबांच्या नावाने बोटं मोडत होती आणि अध्यक्ष प्रत्येकाला समजावत होते, की बघा, गिझरचं बिल वाचलं. पाहुणे आले की ते त्यांना आमच्या दारापर्यंत घेऊन यायचे. "हे आमच्या वरच्या मजल्यावरचे साहेब. अतिशय सुसंस्कृत कुटुंब." पाहुणे आमच्या हॉलकडे डोकावून बघायचे आणि आम्ही तिघं सुसंस्कृत चेहरे करून उभे राहायचो.

"डॉक्टरांना म्हणतात का कधी सुसंस्कृत?" आई दार लावल्यावर म्हणायची. ती महापालिकेच्या शाळेत शिकवायची आणि तिची जीभ अख्ख्या वर्गाला पुरून उरायची. "त्यांचं धरूनच चाललेलं असतं. आपलंच तेवढं जाहीर करावं लागतं."

"असू दे. माणूस वाईट नाही," बाबा म्हणायचे.

तीच तर पंचाईत होती. माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. अपमान करणाऱ्याला उत्तर देता येतं, मान देणाऱ्याला काय देणार? मी नववीत होते आणि डोक्याने तापट, आताही आहे. शाळेत सहिष्णुता या विषयावर निबंध आला की मला वाटायचं, हा निबंध नेहमी सहन करणाराच का लिहितो? ज्याला सहन केलं जातं त्याला एकदा विचारून तर बघा. पण असं लिहिलं तर मार्क मिळत नाहीत, म्हणून मीही सगळ्यांसारखंच लिहायची.

बाबा पाटबंधारे खात्यात क्लार्क होते. सोसायटीकडून त्यांना काय हवं होतं, हे ते एकदाच बोलले, जेवताना. "मला मानबिन नको. डॉक्टरांना वागवतात तसं वागवलं म्हणजे झालं."

"म्हणजे कसं?" आईने विचारलं.

"म्हणजे चुकलो तर ओरडावं."

आई आधी हसली. मग हसायची थांबली आणि तिने त्यांच्या पानात न विचारता भात वाढला.

बाबांनी एकदा याची परीक्षाही घेऊन पाहिली. ऑफिसातून आले आणि स्कूटर फाटकातच आडवी लावली. इमारतीत त्याहून मोठा गुन्हा नव्हता. मग ते गॅलरीत येऊन उभे राहिले, मीही त्यांच्या शेजारी. थोड्या वेळाने अध्यक्ष भाजीची पिशवी घेऊन आले. स्कूटर पाहून थबकले. त्यांच्या मानेची शीर वरूनसुद्धा दिसत होती. तोंड उघडलं, मान वर केली, बाबा दिसले. तोंड मिटलं. पोट आत घेऊन, पिशवी डोक्यावर धरून ते भिंत आणि हॅण्डल यांच्या मधून आडवे आडवे सरकले. लेंग्याला ग्रीस लागलं. "राहू द्या, राहू द्या साहेब! येता येतं!" ते खालून हसून म्हणाले. बाबा खाली जाऊन स्कूटर नीट लावून आले आणि त्या दिवशी त्यांनी बातम्यासुद्धा पाहिल्या नाहीत.

आता यात आमची बाजूही सांगायला हवी, कारण सहन करण्याचं काम एकट्या अध्यक्षांकडे नव्हतं.

आमचं गाव पिंपळगाव बसवंतच्या पुढे. बाबा लहान असताना आजोबांनी दीक्षा घेतली आणि घरातले देव गोणपाटात बांधून नदीवर नेले. खंडोबाचा टाक त्यांनी बाबांच्या हातात दिला होता. बाबांनी तो स्वतः पाण्यात सोडला आणि आजोबांना शब्द दिला, की यापुढे देवापुढे हात जोडणार नाही. बाबा फारसे शब्द देणारे नव्हते, म्हणून दिलेला एक त्यांनी जपून ठेवला होता.

आणि आमच्या सोसायटीत गणपती बसायचा. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत, रोज दोन वेळा आरती, झांजा, टाळ्या आणि खिरापत. बाबा वर्गणी द्यायचे. शिवाय त्यांना वायरिंगची आवड होती, त्यामुळे रोषणाई दरवर्षी त्यांचीच. लुकलुकणारी, पळणारी, मधेच थांबून परत पळणारी. आजूबाजूच्या सोसायट्यांतली पोरं बघायला यायची. पण आरती सुरू झाली की बाबा मेन स्विचच्या बोर्डापाशी जाऊन उभे राहायचे. "लोड वाढलाय, फ्यूज उडेल," म्हणायचे आणि गणपतीकडे पाठ करून आरती संपेपर्यंत फ्यूजकडे बघत बसायचे. फ्यूज कधीच उडाला नाही. माझ्यासाठी आईचा नियम होता, खिरापत खा पण हात जोडू नकोस. म्हणून मी पहिल्या दिवशीच झांजा ताब्यात घ्यायची. हातात झांजा असल्या की जोडायला हात उरतच नाहीत. आमचं असं छान चाललं होतं. कुणी दुखावत नव्हतं, कुणी काही मोडत नव्हतं.

ते मोडलं आजोबा आले तेव्हापासून. श्रावण संपत आला होता. गावचा एक टेम्पो टोमॅटो घेऊन नाशिकला येत होता, त्यात बसून ते आले. जिन्यात अध्यक्ष भेटले. हे साहेबांचे वडील, असं कळताच अध्यक्ष वाकले आणि त्यांनी आजोबांच्या पायांना हात लावला. दोघंही एकाच वयाचे. आजोबा दचकून दोन पायऱ्या मागे सरकले.

"काय रं, त्या मानसाचं काय पडलं होतं का खाली?" वर आल्यावर त्यांनी बाबांना विचारलं. बाबांनी सांगितलं, पाया पडत होते. आजोबांनी जिन्याकडे परत एकदा वाकून पाहिलं. "लयच वाकतो बा तुझा शेजारी," म्हणाले. "म्या काय त्याचा चुलता हाय का?"

अध्यक्षांच्या मनात मात्र त्या भेटीने काहीतरी हललं असावं. आजोबा गावी परतले आणि गणपतीला चार दिवस राहिले असताना अध्यक्ष वर आले. खुर्चीच्या कडेवर बसले, चष्मा काढला, पुसला. "साहेब, मी आंधळा नाही," ते म्हणाले. "तुम्ही दर वर्षी आरतीला मागे, त्या स्विचपाशी उभे राहता. का, ते मला कळतं. तुम्हाला संकोच वाटतो. आम्हाला चालेल की नाही, असं वाटतं." पुसून झालेला चष्मा त्यांनी पुन्हा पुसला. "यंदा पहिल्या आरतीचा मान तुमचा. स्विचपाशी उभं राहायला मी वायरमन सांगून ठेवलाय."

समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी असताना नाही कसं म्हणतात, हे बाबांना कुणी शिकवलं नव्हतं. "बघू," ते कसेबसे म्हणाले. अध्यक्ष खाली गेले आणि त्यांनी अख्ख्या इमारतीला सांगितलं, की साहेब हो म्हणाले.

पुढचे दिवस आमच्या घरी नकाराची तालीम चालली. आई अध्यक्ष व्हायची. ती माझा जुना चष्मा गळ्यात अडकवून खुर्चीच्या कडेवर बसायची आणि इतक्या प्रेमाने "साहेब" म्हणायची, की बाबा प्रत्येक वेळी विरघळायचे. "अहो, माझ्यापुढेच जमत नाही, तर त्यांच्यापुढे काय बोलणार?" ती चिडायची. "एका आरतीने काय होतं" असंही एकदा बाबा म्हणाले. मग त्यांनीच मान हलवली. शब्द मोडला तर आजोबांना कुणी सांगणार नव्हतं, पण बाबांना स्वतःला माहीत असणारच होतं. आणि शब्द पाळला तर इतकी वर्षं सांभाळलेला शेजार जाणार होता. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. दोन चांगल्या माणसांना एकमेकांचं मन राखता राखता घाम फुटला होता.

गणपती बसला. सगळी इमारत जिन्याखाली जमली. वायरमन स्विचपाशी विडी विझवून उभा राहिला. अध्यक्षांनी निरांजन लावलं, तबक उचललं आणि सगळ्यांच्या मधून चालत बाबांपुढे येऊन धरलं.

"मी नाही करणार," बाबा म्हणाले.

मी झांजा छातीशी धरल्या होत्या, त्या मला एकदम जड झाल्या.

"अहो, संकोच कसला?" अध्यक्ष हसले. सगळ्यांकडे वळून म्हणाले, "आमची कुणाचीच काही हरकत नाही!"

"तुमची नाही," बाबा म्हणाले. आवाज बारीक होता, पण सगळ्यांनी ऐकला. "माझी आहे."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, त्याचं काय करायचं हे त्यांना कळेना. हरकत घ्यायचा हक्क पलीकडच्या बाजूलाही असू शकतो, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. डॉक्टरांच्या बायकोने पुढे होऊन तबक हळूच घेतलं आणि आरती सुरू केली. मी झांजा वाजवल्या, सगळ्या चुकीच्या ठिकाणी. बाबा निघून गेले नाहीत. हात मागे बांधून शेवटपर्यंत तिथेच, सगळ्यांच्या मधे उभे राहिले.

त्यानंतर अध्यक्षांनी आमच्याशी बोलणं सोडलं. जिन्यात बाबा दिसले की ते रेलिंगकडे बघायचे. आमचं काहीही त्यांना चालत होतं. काळी टाकी चालली, आडवी स्कूटर चालली. त्यांच्याकडे आहे ते आम्हाला नकोच आहे, एवढं मात्र चाललं नाही. "आता तरी ओरडतील म्हटलं, तर हे तोंडच मिटून बसले," आई म्हणाली. बाबांना जेवण जाईना. "चारचौघांत नको होतं बोलायला," ते म्हणायचे. "खाली जाऊन माफी मागू का?" आणि आई म्हणायची, "कशाची?" रोषणाई मात्र ते रोज संध्याकाळी जाऊन नीट करून यायचे. वायरमनने ती पार बिघडवली होती.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात अध्यक्ष. अंगावर इस्त्रीचा शर्ट, म्हणजे प्रकरण गंभीर.

"देव मानत नाही, मग दिवे कशाला लावता?" ते उंबऱ्यातूनच म्हणाले.

"पोरांना आवडतात म्हणून," बाबा म्हणाले.

"आणि खिरापत? ती बरी चालते!"

"खिरापत खोबऱ्याची असते."

"हा शुद्ध हट्टीपणा आहे! चूक आहे तुमचं. साफ चूक!"

बाबा खुर्चीत सरसावून बसले. इतक्या वर्षांत त्या माणसाने त्यांना एकदाही चूक म्हटलं नव्हतं. मग जे भांडण झालं ते मी जन्मात विसरणार नाही. देव आहे की नाही इथून सुरू झालं आणि टाकीच्या काळ्या रंगापर्यंत गेलं. बाबांचा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं. आई आतून म्हणाली, "हळू बोला, खाली ऐकू जातंय," तर दोघंही एकदमच म्हणाले, "जाऊ दे!" तिने ठेवलेल्या चहावर साय धरली, तरी कुणाचं लक्ष नाही.

"आणि तुमच्या बाथरूमचं काय?" अध्यक्ष उठून उभे राहिले. "तुमच्या बाथरूमचं पाणी माझ्या भिंतीत मुरतंय! झोपायच्या खोलीत! दोन पावसाळे झाले! कपाट सरकवून झाकलीय ती भिंत मी. कपाटातल्या साड्यांना बुरशी आली!"

बाबांनी बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. आम्हाला याचा पत्ताच नव्हता. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"डॉक्टरांनी गेटचा आवाज केला तर त्यांना मिनिटात बोलता. त्यांना नाही वाईट वाटत?"

"त्यांचं काय," अध्यक्ष हात झटकून म्हणाले, "ती आपली माणसं आहेत."

बोलून गेले आणि थांबले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मला वाटलं, ती आता काहीतरी तोडून टाकणारं बोलेल, पण ती नुसती चौकटीला टेकली. अध्यक्षांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं, आईकडे, माझ्याकडे, मग बाबांकडे. त्यांचे कान लाल झाले होते. मला त्यांचा राग आला होता आणि त्याच वेळी त्यांची दयाही आली. मग ते खाली बसले आणि गार चहा त्यांनी एका दमात पिऊन टाकला. जाताना दारात पुटपुटल्यासारखं म्हणाले, "भिंत येऊन बघून जा." बाबा लगेच चप्पल न घालताच त्यांच्यामागे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दाढी करत होते आणि मी शाळेची वेणी घालून घेत होते. तेवढ्यात जिन्यातून असा आवाज आला, की आईच्या हातातला कंगवाच थांबला.

"अहो! झोपलात की काय? दोन दिवसांत फरशी फोडून पाइप बदलला नाही, तर मी स्वतः वर येऊन फोडीन! इथे माणसं राहतात खाली, कळतं का काही?"

डॉक्टरांचं दार उघडल्याचा आवाज आला. समोरच्या सोसायटीतलं कुणीतरी गॅलरीत आलं. बाबा अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाथरूममधून बाहेर आले, हातात वस्तरा, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मी तो नंतर माझ्या लग्नातसुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला नाही.

"ऐकलंस?" ते आईला म्हणाले. "मला म्हणाले."